वाट वाकडी करून जेवायला

माणूस प्रवासाला निघतो त्याची कारणं अनेक. कुणी देवदर्शनाला जातो, कुणी दर्ग्यावर चादर चढवायला, तर कुणी नुसता समुद्र बघायला. पण एका आचाऱ्याच्या हातचं जेवायला चारशे-पाचशे किलोमीटर जायचं, ही कल्पना आपल्याला जरा गमतीची वाटते. हल्ली मात्र युरोपच्या सहलीला जाणारी आपली काही मंडळीही नामांकित शेफच्या रेस्तराँमध्ये कितीतरी आधी टेबल राखून ठेवतात. ही रीत आली कुठून, आणि त्या टेबलाशी बसल्यावर आपल्याला नेमकं काय मिळतं?

या रीतीचं मूळ आहे मोटारीच्या टायरात! १९०० साली फ्रान्समध्ये तीन हजारांहूनही कमी मोटारी होत्या. मोटारी धावल्या तर टायर झिजणार, आणि झिजले तरच नवे खपणार. म्हणून आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या टायर कारखानदार भावांनी मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली आणि तिच्या ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठं मिळेल, मुक्काम कुठं करावा, अशी माहिती तिच्यात होती. १९२६ मध्ये चांगल्या जेवणाच्या ठिकाणांपुढं तारा छापायला सुरुवात झाली. १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी ताऱ्यांची श्रेणी आली आणि १९३६ मध्ये तिचा अर्थ छापला गेला. एक तारा म्हणजे चांगलं जेवण, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा असं. बघा, मोजमाप चवीचं. पण भाषा रस्त्याची! परीक्षक ओळख लपवून येतात, बिल भरून जातात. त्यामुळं या ताऱ्यांना वजन आलं.

पॅरिसहून दक्षिणेच्या समुद्राकडं जाताना लियाँ हे शहर लागतं. तिथं युजेनी ब्राझिए या बाईंचं रेस्तराँ होतं. दहाव्या वर्षी आई गेलेली, शेतावर राबून वाढलेली ही बाई. कोंबडीच्या कातडीखाली ट्रफल नावाच्या अळंबीच्या चकत्या घालून शिजवलेला त्यांचा पदार्थ गाजला. १९३३ मध्ये त्यांच्या शहरातल्या आणि डोंगरावरच्या अशा दोन्ही रेस्तराँना तीन-तीन तारे मिळाले. त्याच वर्षी जवळच्या व्हिएन गावातल्या फर्नां प्वां यांनाही तीन तारे मिळाले. या दोघांच्या हाताखाली पॉल बोक्युज शिकले.

बोक्युज यांनी लियाँजवळच्या आपल्या रेस्तराँच्या इमारतीवर स्वतःचं नाव ठळक अक्षरांत लावलं. मुदपाकखान्यातला आचारी बाहेर आला, जगभर फिरू लागला. तुम्ही नसता तेव्हा स्वयंपाक कोण करतं, असं विचारल्यावर ते म्हणत, मी असतो तेव्हा जो करतो तोच! हा केवळ विनोद नव्हे. अशा मुदपाकखान्यात रस्सा, मासे, मांस, गोड पदार्थ यांचे वेगवेगळे कारागीर असतात. पदार्थ ठरवणं, माणसं घडवणं आणि ताट बाहेर जाण्याआधी त्यावर नजर टाकणं, हे शेफचं काम. प्वां १९५५ मध्ये वारले, पण त्यांच्या पत्नी मादो यांनी पुढं तीस वर्षं ते तीन तारे टिकवून ठेवले. नाव एकाचं असलं, तरी चव अनेकांच्या हातांत असते.

पण नावाचं ओझं एकालाच वाहावं लागतं. पॅरिस-लियाँ रस्त्यावरच्या सोलियू गावात बर्नार ल्वाझो यांचं हॉटेल होतं. नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि जाता-येता थांबणारं गिऱ्हाईक आटलं. आता लोक खास त्यांच्यासाठी येतील तरच हॉटेल चालणार. १९९१ मध्ये तिसरा तारा मिळाला, लोक येऊ लागले, कर्जही वाढलं. २००३ मध्ये दुसऱ्या एका मार्गदर्शिकेनं त्यांचे गुण १९ वरून १७ वर आणले. तारा जाणार, अशी कुजबुज वृत्तपत्रांत आली. त्या फेब्रुवारीत ल्वाझो यांनी आयुष्य संपवलं. वय अवघं ५२. नैराश्य आणि कर्ज हेही त्यामागं होतं. तारा मात्र गेलेला नव्हता. पुढं २०१७ मध्ये लायोल गावच्या सेबास्तियन ब्रा यांनी, आमचे तीन तारे काढून घ्या, अशी विनंतीच केली.

आम्हा कवींचं बरं असतं. एकदा जमलेली कविता दुसऱ्या दिवशी करपत नाही. आचाऱ्याला आपली कीर्ती रोज दोन वेळा नव्यानं शिजवावी लागते.

अशा ठिकाणी जायचं असेल तर जरूर जा. दुपारी जा, अनेक ठिकाणी दुपारचं ठरावीक जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडतं. शाकाहारी असाल, डुकराचं मांस किंवा मद्य वर्ज्य असेल, तर टेबल राखतानाच सांगा. फ्रेंच रश्श्यांत वाइन अनेकदा असते. शेफ स्वतः दिसले नाहीत, तर फसवणूक झाली असं मात्र समजू नका. आपल्याकडं जेवून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात. तिथं अन्नदाते बरेच असतात. जेवण आवडलं, तर ते आतल्या सगळ्यांपर्यंत पोचवा, असं वाढणाऱ्याला आवर्जून सांगा.