पाणी न सांडता कोरडा दिवस

एका पेल्यात पाणी घ्या. त्यावर टीपकागदाचा लहान तुकडा ठेवा आणि कागदावर शिवणाची बारीक, कोरडी सुई. कागद भिजला की तो काडीने हळूच खाली दाबा. कागद बुडतो, सुई मात्र तरंगत राहते! आता कडेने साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. सुई तळाशी जाते.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. या गुणधर्माला पृष्ठताण म्हणतात. साबणाने तो कमी होतो.

हिवताप पसरविणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासाची अळी याच पडद्याच्या आधाराने जगते. ती पृष्ठभागालगत आडवी राहून शेपटाकडील छिद्रांनी हवा घेते. पाण्यावर तेलाचा थर पसरला की पृष्ठताण घटतो, छिद्रे बुजतात आणि अळी गुदमरते. साचलेल्या घाण पाण्यात तेल टाकतात ते यासाठीच.

पण पिण्याच्या पाण्यात तेल कसे टाकणार? आणि अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी ही जात तर हौद, टाक्या, विहिरी अशा स्वच्छ साठ्यांतच वाढते. मूळची आपल्याकडची ही जात २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती देशात प्रथम आढळली. त्या वर्षी तेथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ७३ हजारांवर गेली. या वाढीत स्टीफेन्सीचा मोठा वाटा मानला जातो.

आपल्याकडे आरोग्य खाते सांगते, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा. आठवडाच का? उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. त्याआधी साखळी तुटली पाहिजे. परंतु एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी प्यालेल्या लातूरकराला भरलेले पिंप ओतून द्या, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

ओतण्याची गरजच नाही. पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा. अळ्या व कोश फडक्यावर राहतील. ते कोरड्या मातीत झटका. रिकामे पिंप आतून घासा, कारण डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाची अंडी भिंतीला चिकटून असतात. मग गाळलेले पाणी परत भरून तोंडाला कापड घट्ट बांधा.

येत्या रविवारी आपल्या घरापासूनच सुरुवात करा. पाणी सारे शिल्लक राहील, डास मात्र एकही निपजणार नाही.