जिप्सीचा फ्युएल पंप बदलताय? आधी गाडी कार्बोरेटरची की एमपीएफआय, ते बघा

चंद्रपूर : ताडोबाचं कोअर क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असतं. या तीन महिन्यांत आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याच जिप्सी ताडपत्रीखाली उभ्या राहतात. सीझन सुरू झाला की गाडी बाहेर काढायची वेळ येते आणि तेव्हाच ती दगा देते. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. चालू झाली तरी चढावर झटके मारते. मग ‘फ्युएल पंप गेला’ असं ठरतं आणि घाईत मिळेल तो पंप बसवला जातो. ही घाई महागात पडू शकते. चुकीच्या पंपामुळे गाडीला आग लागायचाही धोका असतो.

जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी जुनीच आहे. त्यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे पंप एकदम वेगळे आहेत.

दोन गाड्या, दोन पंप

जुन्या कार्बोरेटरच्या जिप्सीत पंप इंजिनलाच बसवलेला असतो. जुने मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात. त्याला वायर नसते. इंजिन फिरलं की आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, वर-खाली होतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. त्याचं प्रेशर साधारण ३ ते ४ पीएसआय, इतकं कमी असतं.

नंतरच्या एमपीएफआय जिप्सीत पंप टाकीच्या आत असतो आणि तो विजेवर चालतो. त्याचं प्रेशर ३५ ते ४० पीएसआयच्या आसपास, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतं.

हा फरक लक्षात ठेवायलाच हवा. कार्बोरेटरच्या गाडीला एमपीएफआयचा पंप लावला, तर कार्बोरेटरची सुई एवढं प्रेशर अडवू शकत नाही. पेट्रोल उतू जाऊन गरम इंजिनवर सांडतं. उलट एमपीएफआय गाडीला कमी प्रेशरचा पंप लावला, तर ती चालतच नाही.

पंप खरंच गेलाय का?

पैसे घालण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी तपासाव्यात.

१. फिल्टर बदलून बघावा. टाकीतला गंज आणि कचरा तिथंच अडकतो.

२. गाडी दम टाकत असेल तेव्हा टाकीचं झाकण उघडावं. ‘सूं’ आवाज येऊन गाडी सुधारली, तर टाकीत हवा जायची वाट बुजलेली आहे. पंप चांगला आहे.

३. रबरी नळ्या वाकवून बघाव्यात. बारीक चिरा दिसल्या तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही, त्यामुळे नळ्या आणि डायफ्राम लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीत त्रास वाढतो.

४. कार्बोरेटरच्या गाडीत कॉइलची वायर काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरावी आणि सेल्फ मारावा. पेट्रोल जोरात, ठोके देत आलं तर पंप ठीक आहे. हे काम थंड इंजिनवर, उघड्यावर आणि विडी-सिगारेट लांब ठेवूनच करावं.

५. ऑइलची काडी काढून वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल, तर डायफ्राम फाटलाय. पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवली तर ऑइल पातळ होऊन इंजिनच बसतं. पंपासोबत ऑइलही बदलावं लागतं.

एमपीएफआय गाडीत चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघावा.

बसवताना काय सांभाळावं

जुना पंप दुकानात सोबत न्यावा. नळ्यांची तोंडं किती, लिव्हर केवढा, हे जुळवून घ्यावं. परतीची नळी असेल तर नव्या पंपालाही ती हवी. ती बुजवू नये.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढावी. पंप आणि इंजिनमधला जाड ठोकळा फेकू नये. तो उष्णता अडवतो आणि त्याच्या जाडीवर लिव्हरची चाल अवलंबून असते. पॅकिंग नवीनच टाकावं. बोल्ट बसताना जड जात असतील तर जोर लावू नये. इंजिन थोडं फिरवून लिव्हर मोकळा करून घ्यावा आणि दोन्ही बोल्ट सारखे आवळावेत. नळी पेट्रोलचीच घ्यावी. पारदर्शक प्लास्टिकची नळी उष्णतेनं कडक होते आणि निसटते.

एसी पंप मिळत नाही म्हणून काही जण विजेवरचा पंप लावतात. तो कमी प्रेशरचाच हवा. तो टाकीजवळ, खालच्या बाजूला आणि सायलेन्सरपासून लांब बसवावा. आधी फिल्टर, वायरला फ्यूज आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल असा स्विच असायलाच हवा. नाहीतर गाडी उलटली तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. जुना पंप काढून त्या जागी पट्टी मारावी.

एमपीएफआयची नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, नाहीतर पेट्रोल अंगावर उडतं. हा पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच थंड राहतो, म्हणून काटा तळाला जाईपर्यंत गाडी पळवू नये.

काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानं पुसून बघावा. पाठीमागे पर्यटक बसायच्या आधी गावातल्या गावात एक फेरी मारावी. आणि पुढच्या पावसाळ्यात टाकी भरून ठेवावी, आठवड्यातून एकदा गाडी चालू करावी. म्हणजे १ ऑक्टोबरला धावपळ होणार नाही.