मासे आणि दूध, चिलापी आणि सुकट: गैरसमज व वस्तुस्थिती

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वसलेल्या आष्टीपासून समुद्र दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. तालुक्याचे नाव निघते ते दुष्काळ, बाजरी आणि ऊसतोडीसाठी. तरी मासा इथल्या ताटाला परका नाही. मेहकरीसारखे तलाव, सीना नदी आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्यातले उजनी धरण यांमुळे रोहू, कटला, मरळ, चिलापी मिळतात, आणि आठवडी बाजारात सुकट-बोंबील असतात. माशांबरोबर काही समजुतीही घरोघर पोहोचल्या आहेत. त्यांतल्या नेहमी ऐकू येणाऱ्या सहा तपासून पाहू.

गैरसमज 1: मासे खाऊन दूध प्यायले की अंगावर कोड उठते.

वस्तुस्थिती: कोड हा खाण्यातून होणारा आजार नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते आणि तिथे पांढरे डाग पडतात. आयुर्वेदात मासे आणि दूध यांना विरुद्ध आहार म्हटले आहे, त्यावरून ही भीती रुजली. पण या जोडीने कोड होते असे आधुनिक वैद्यकात सिद्ध झालेले नाही. बंगाली स्वयंपाकात दह्यातला मासा नेहमीचा आहे. ज्यांना माशाची अ‍ॅलर्जी आहे किंवा दूध पचत नाही, त्यांना त्रास होतो, पण तो त्या एकेका पदार्थाचा असतो. कोड असलेल्या माणसाला 'तू काहीतरी खाल्लं असशील' असे म्हणणे चुकीचे आणि क्रूरही आहे.

गैरसमज 2: शिजवल्यावर माशातले सत्त्व निघून जाते.

वस्तुस्थिती: 100 ग्रॅम कच्च्या रोहूत साधारण 17 ते 19 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ तीन अंड्यांइतकी. शिजताना माशातले पाणी कमी होते, तुकडा आकसतो, पण प्रथिने नाहीशी होत नाहीत. उष्णतेने त्यांची घडी उलगडते आणि ती पचायला सोपी होतात. ब जीवनसत्त्वांचा काही भाग पाण्यात उतरतो. मात्र कालवणात तो रश्शातच राहतो आणि भाकरीबरोबर पोटात जातो.

फरक पडतो तो तळण्याने. तळताना मासा तेल पितो आणि त्याची मूळची चांगली चरबी काही प्रमाणात कढईत उतरते. त्यात तेच तेल पुन्हापुन्हा तापवलेले असेल, तर अपायकारक घटक वाढतात. म्हणून कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेला मासा केव्हाही सरस.

गैरसमज 3: खरा पौष्टिक मासा समुद्राचा. धरणाची चिलापी म्हणजे नुसते पोट भरणे.

वस्तुस्थिती: प्रथिनांत आणि ब-12 जीवनसत्त्वात गोड्या पाण्यातला मासा कमी पडत नाही. मूळची आफ्रिकेतली चिलापी 1952 मध्ये भारतात आली. तिच्यातही प्रथिने भरपूर आणि चरबी कमी असते. समुद्राचा मासा पुढे आहे तो दोन बाबतींत: आयोडीन, आणि हृदयाला उपयोगी असलेली ओमेगा-3 चरबी. तीही सगळ्याच माशांत सारखी नसते. बांगडा आणि तारली यांत ती भरपूर असते, आणि हे मासे पापलेटपेक्षा स्वस्त असतात. चिलापीबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच, की ती कोणत्या पाण्यातली आहे. सांडपाण्याच्या डबक्यातला कोणताच मासा घेऊ नये.

गैरसमज 4: सुकट-बोंबील म्हणजे गरिबाचे तोंडी लावणे, त्यात कस नाही.

वस्तुस्थिती: पाणी उडून गेल्यामुळे सुक्या माशात वजनाच्या मानाने प्रथिने ताज्याहून कितीतरी जास्त असतात. सुकट कवचासकट खाल्ली जाते, म्हणून कॅल्शियमही मिळते.

बाजरीशी तर तिचे चांगले जमते. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असते, पण धान्यातल्या फायटेट या घटकामुळे त्यातले थोडेच अंगी लागते. सोबत मासा असला की हे शोषण वाढते. वर लिंबू पिळले तर आणखी वाढते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा वेळी भाकरीवर सुकटीची चटणी ही साधी गोष्ट नाही. मात्र ती एकटी रक्तक्षय बरा करणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. खारवलेल्या बांगड्यात मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी तो टाळावा.

गैरसमज 5: गरोदर बाईला आणि लहान मुलांना मासे देऊ नयेत.

वस्तुस्थिती: गर्भाच्या आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला माशातले डीएचए (एक ओमेगा-3 चरबी) उपयोगी पडते. टाळायचे ते मुशीसारखे मोठे शिकारी मासे, कारण त्यांच्यात पारा साठतो. रोहू, कटला, बांगडा पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाल्यावर काटे नीट काढून, कुस्करून बाळालाही मासा देता येतो. माशाचे डोळे खाऊन चष्मा उतरतो, हे मात्र खरे नाही. चष्म्याचा नंबर डोळ्याच्या घडणीवर ठरतो.

गैरसमज 6: नीट उकळले, मसाला जास्त घातला की शिळा मासाही चालतो.

वस्तुस्थिती: ही समजूत सगळ्यांत धोक्याची. बांगड्यासारखा मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते कितीही उकळले तरी जात नाही. तोंड लाल होणे, अंगावर गांध्या उठणे, डोके दुखणे असा त्रास मग होतो. अनेकदा त्याचे खापर 'मासा उष्ण असतो' यावर फोडले जाते. उन्हाळ्यात पारा चाळीशी गाठतो तेव्हा बर्फाशिवाय ठेवलेला मासा घेऊच नये. कल्ले लालसर, डोळे फुगीर व चकचकीत, मांस दाबल्यावर वर येणारे आणि वास उग्र नसलेला, असा मासा ताजा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आठवड्याला 100 ते 200 ग्रॅम मासे खाण्याचा सल्ला दिला आहे. माळकऱ्यांनी मासा खायलाच हवा असे कोणी म्हणत नाही, डाळी, दूध, दही त्यांच्यासाठी आहेतच. पण जे खातात त्यांनी दुधाची भीती सोडावी आणि शिळ्या माशाची धरावी.