हिमयुगाने घडविलेली प्रेअरी : नॉर्थ डकोटाचे भूरूप आणि अपूर्ण जलनिस्सारण

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून प्रेअरीचे वर्णन बहुधा ‘विस्तीर्ण, सपाट गवताळ प्रदेश’ एवढ्यावरच आटोपते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ डकोटा राज्यापुरते पाहिले तर हे वर्णन अपुरे ठरते. राज्याच्या पूर्व कडेला सपाटी आहे, परंतु ती एका लुप्त सरोवराच्या तळाची आहे. मध्यभागी असंख्य खळग्यांनी भरलेली भूमी असून तिच्यातील पाण्याला अद्याप वाट सापडलेली नाही. नैर्ऋत्येस नद्यांनी कोरलेल्या मऊ खडकांचा मुलूख आहे. हिमस्तर कोठवर आला आणि तो कसा नाहीसा झाला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत या भेदांचे मूळ आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले असून त्यातून उद्भवलेल्या पाण्याच्या प्रश्नाचाही विचार केला आहे.

आधारभूत खडकांविषयी थोडक्यात सांगता येईल. राज्याच्या पश्चिम भागाखाली विलिस्टन द्रोणी असून तिच्या मध्यभागी गाळाच्या खडकांची जाडी सुमारे ५ किलोमीटर भरते. तिओगा गावाजवळ १९५१ मध्ये येथे प्रथम खनिज तेल सापडले. वरच्या थरांत लिग्नाइटचे मोठे साठे आहेत. नैर्ऋत्येकडील खडकांत क्रिटेशस कल्पाची अखेर दर्शविणारी सीमारेषाही आढळते. त्या सुमारास, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठारावर बेसाल्टचे थर साचत होते.

हिमस्तराची सीमा आणि मृत हिम

प्लाइस्टोसीन काळात कॅनडाच्या बाजूने लॉरेन्टाइड हिमस्तर या प्रदेशावर वारंवार पसरला. त्यापूर्वी पश्चिमेकडील नद्या उत्तरेस हडसन उपसागराकडे वाहत. हिमाने त्यांचा मार्ग अडविल्यावर पाणी हिमस्तराच्या कडेने आग्नेयेस वळले आणि आजच्या मिसूरी नदीचा प्रवाह सिद्ध झाला. ही नदी हिमाच्छादित मुलखाची सीमा स्थूलमानाने दाखविते. ‘स्थूलमानाने’ म्हणण्याचे कारण असे, की आधीच्या हिमावरणांनी आणून टाकलेले ग्रॅनाइटचे आगंतुक पाषाण तिच्या पलीकडेही सापडतात. हिमाच्या खुणा ओळखण्याची ही रीत महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे तालचिर थरांखालच्या चुनखडकावर हिमाने उमटविलेले ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले. ते मात्र सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

मिसूरी कोटो नावाच्या उंच पट्ट्यातील घडामोड अधिक विलक्षण आहे. कड्यावर चढताना हिमाने तळचा राडारोडा आपल्या अंगात वर खेचला. पुढे हवामान उबदार झाल्यावर पृष्ठभाग वितळू लागला आणि तेथे माती-दगडांचे जाड आवरण साचले. त्या आवरणाखाली दडलेले हिम गतिहीन होऊन हळूहळू वितळत राहिले. ली क्लेटन यांनी या प्रदेशाच्या अभ्यासातून दाखविले, की या क्रियेस काही हजार वर्षे लागली. दरम्यान त्या आवरणावर झाडे वाढली, तळी साचली आणि तळ्यांत शंखशिंपल्यांचे प्राणी नांदले. सभोवतालचे हिम वितळून जमीन खचली तेव्हा अशा काही तळ्यांचे तळ उंचावर राहिले. म्हणूनच आज काही टेकड्यांच्या माथ्यांवर तळ्यातला गाळ मिळतो.

उरलेल्या खळग्यांत वसंतातील हिमजल साचते. उंचावरील खळगे भूजलाला पाणी देतात. सखल खळगे ते परत मिळवितात आणि त्याबरोबर क्षारही गोळा करतात. उत्तर अमेरिकेतील रानबदकांच्या विणीचे हे प्रमुख क्षेत्र होय. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो नांगराला आडवा येणारा चिखल आहे. खळगा शेतीखाली आणणाऱ्यास संघराज्याचे कृषी अनुदान नाकारण्याची तरतूद १९८५ च्या कायद्याने केली. तथापि तोवर फार मोठे क्षेत्र कोरडे करण्यात आले होते.

सरोवराचा तळ आणि उत्तरवाहिनी नदी

रेड नदीचे तथाकथित खोरे त्या नदीने खोदलेले नाही. ते अ‍ॅगॅसिझ या हिमसरोवराचा तळ आहे. १८२३ मध्ये विल्यम कीटिंग यांना येथे प्राचीन सरोवर असावे अशी शंका आली होती. वॉरन अपहॅम यांनी किनाऱ्यांचे तपशीलवार मापन करून १८९५ च्या ग्रंथात त्याचा इतिहास मांडला आणि हिमयुगाच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते लुई अ‍ॅगॅसिझ यांचे नाव त्याला दिले. एकेकाळी पाण्याच्या समपातळीत असलेल्या त्या पुळणी आज उत्तरेकडे चढत जातात. हिमाच्या भाराने दबलेले भूकवच भार हटल्यावर वर आले, आणि जेथे हिम जाड होते त्या उत्तर बाजूस ते अधिक उचलले गेले.

या उचलीमुळे उत्तरवाहिनी रेड नदीचा मुळातच मंद असलेला उतार आणखी घटला. काही टप्प्यांत तो किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटिमीटर आहे. शिवाय वसंतात दक्षिणेकडील बर्फ आधी वितळते आणि पाणी अजून गोठलेल्या पात्राकडे धावते. एप्रिल १९९७ मध्ये ग्रँड फोर्क्स येथे ४९ फुटांचा अंदाज वर्तविला असताना पाणी ५४ फुटांवर गेले आणि जवळजवळ संपूर्ण शहर रिकामे करावे लागले. चिकणमातीच्या सपाट तळावर पाण्याला अडविणारा काठच नसतो. पात्राबाहेर आलेले पाणी मैलोगणती पसरते.

डेव्हिल्स लेकचा प्रश्न निराळा आहे. हिमाने भूकवचाचे तुकडे उचलून दक्षिणेस रचले. त्यांच्या टेकड्या झाल्या आणि मागे उरलेल्या खोलगटात हे सरोवर साचले. नेहमीच्या पातळीला त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. १९९३ ते २०११ या काळात त्याची पातळी सुमारे ३२ फुटांनी वाढून शेते, रस्ते व घरे पाण्याखाली गेली. वाढलेले पर्जन्य हे त्याचे मुख्य कारण होय. वरच्या पाणलोटातील खळगे कोरडे केल्याचा त्यात किती वाटा होता, यावर मात्र तीव्र मतभेद आहेत. हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही, कारण आपल्या शेतातला चर दुसऱ्याचे घर बुडवितो काय, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. २००५ मध्ये सरोवराचे पाणी शेयेन नदीत सोडण्याची यंत्रणा सुरू झाली. ते पाणी पुढे रेड नदीतून विनिपेग सरोवरास मिळते, म्हणून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने तिला हरकत घेतली. सरोवरकाठच्या जुन्या निक्षेपांचा पुरावा असा आहे, की गेल्या काही हजार वर्षांत डेव्हिल्स लेक एकाहून अधिक वेळा आपसूक भरून शेयेनमध्ये वाहिले होते.