दहा बोटं, शून्य बॅटरी!

ईएमआय काढायचाय? मोबाइल. बिल पाच जणांत वाटायचंय? पुन्हा मोबाइल! पण समजा, बॅटरीच डाऊन झाली... डोन्ट वरी, बॅकअप तुमच्या मनगटालाच जोडलेला आहे.

आजीला जप करताना बघितलंय ना? अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असतो. आता तुम्ही करून बघा. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. एका हातावर झाले 12. डझन पुरा झाला, की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. पाचही मिटली, की 60! प्राचीन बाबिलोनचे लोक 60 च्या पटीत हिशेब करायचे. त्याचं मूळ या पेरांत असावं, असा एक तर्क आहे. तुमच्या डेडलाइनच्या तासाला 60 मिनिटं मिळाली, ती त्यांच्याच पद्धतीमुळे.

पेरांसोबत बोटाचं टोकही धरलं, तर एका हातावर 16. म्हणजे तीनतालाचं एक आख्खं आवर्तन! 'सवाई'ला जाल तेव्हा मोजून बघा.

आपल्याकडचे व्यापारीही यात तरबेज. मुंबईकडची त्यांची पद्धत फ्रेंच अभ्यासक जॉर्ज इफ्रा यांनी नोंदवून ठेवली आहे. डाव्या हातावर एकेक मोजायचं आणि पाच झाले, की उजव्या हाताचं एक बोट. उजवा हात भरला, की 25. वर डाव्याचे पाच, म्हणजे थेट 30.

पण या बोटांची एक काळी बाजूही आहे. तिचं नाव हत्ता पद्धत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडातून चकार शब्द नाही! वर्षभर राबलेला शेतकरी शेजारीच उभा, पण आपल्या मालाला कुणी किती भाव लावला हे त्याला कळायचंच नाही. अडत्या सांगेल तो आकडा खरा. 1928 मध्ये शेतीविषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. पुढे बाजार समित्या आल्या, तेव्हा उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो यासाठीच.

थोडक्यात काय, तर हिशेब बोटांवर करा नाहीतर मोबाइलवर. ज्याच्या घामाचा पैसा आहे, त्याला आकडा दिसला म्हणजे झालं!