रानसशाचे कुळ आणि मुलूख

चंद्रावरील डागात आपल्या पूर्वजांना सशाची आकृती दिसली, म्हणून चंद्राला शशी आणि शशांक अशी नावे मिळाली. उन्मत्त सिंहाला विहिरीपाशी नेऊन त्याचेच प्रतिबिंब दाखविणारा पंचतंत्रातील ससाही सर्वांच्या परिचयाचा आहे. हे ससे रानातले, मातकट रंगाचे. पुढे पिंजऱ्यात वाढणारा, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा ससा आपल्याकडे आला आणि चित्रांच्या पुस्तकांत त्यानेच जागा पटकावली. आज कासवाशी शर्यत लावणारा ससादेखील चित्रात बहुधा पांढराच असतो! मराठीत दोघांनाही ‘ससा’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे एक गोरा आणि एक सावळा एवढाच काय तो दोघांत भेद असावा, असे कोणालाही वाटेल.

वस्तुतः दोघांचे जीवनच निराळे आहे. पाळीव सशाचे पूर्वज स्पेन आणि पोर्तुगाल या देशांतले. ते जमिनीत लांबलचक बिळे खणून कळपाने राहतात. त्यांची पिल्ले बिळाच्या अंधारात जन्मतात. त्या वेळी त्यांच्या अंगावर केस नसतात आणि डोळे मिटलेले असतात. आपला रानससा बीळ खणीत नाही. एखाद्या झुडपाच्या आडोशाला, गवतात किंवा बांधाच्या कडेला अंग मावेल एवढा उथळ खळगा करून तो दिवसभर त्यात दबून बसतो आणि सांज झाली की चरावयास निघतो. उघड्यावर जन्मणाऱ्या पिल्लांना दुबळे राहून चालत नाही. म्हणून रानसशाचे पिल्लू अंगभर लव आणि उघडे डोळे घेऊनच जगात येते. या दोन सशांची संततीही होऊ शकत नाही. रानससा ज्या वंशातला आहे, त्या वंशातील सशांच्या पेशींत ४८ गुणसूत्रे असतात, तर पाळीव सशाच्या पेशींत ४४.

या भेदाचे ज्ञान नसल्यामुळे रानसशाच्या पिल्लांवर अनेकदा विनाकारण संकट ओढवते. शेतात निंदणी किंवा कापणी चालू असता एखादे पिल्लू एकटेच निश्चल बसलेले दिसते. आईने टाकले असावे, असे समजून दयाळू माणसे त्याला उचलून घरी आणतात. परंतु पिल्लाजवळ न बसणे हीच त्या आईची युक्ती असते. ती जवळ राहिली, तर तिच्या वासाने कोल्हा किंवा रानमांजर तेथे पोहोचेल; म्हणून ती दूर राहते आणि अंधार पडल्यावर येऊन पिल्लाला पाजून जाते. उचलून नेलेले पिल्लू मात्र अनेकदा दगावते.

आता सशाचे कुळ पाहू. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली प्राण्यांची वर्गवारी केली, तेव्हा ससा, उंदीर, खार आणि साळिंदर यांना त्याने एकाच गणात बसविले. सशाचे कुरतडणे पाहता ते योग्यच वाटले असणार. (त्याच गणात त्याने गेंड्यालाही बसविले होते, हे वाचून आज हसू येते.) उंदीर आणि खार यांच्या वरच्या जबड्यात पुढे पटाशीच्या दातांची एकच जोडी असते. सशाचे तोंड नीट तपासले, तर त्या जोडीच्या मागे चिकटून खुंट्यांसारखी आणखी एक लहान जोडी आढळते. बाहेरून ती दिसतही नाही. पण तिच्या जोडीला हाडांच्या रचनेतील इतर भेद अभ्यासकांच्या ध्यानात आले. अखेर १९१२ साली गिडली या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशांचा स्वतंत्र गण मानावा, असा आग्रह धरला आणि तो पुढे सर्वमान्य झाला. या गणाचे नाव लॅगोमॉर्फा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सशाच्या रूपाचे’ असा होतो. उंदीर आणि ससे हे एकमेकांचे दूरचे नातलग आहेत, असे आनुवंशिक द्रव्याच्या अलीकडील अभ्यासावरूनही दिसते. तथापि घर मात्र निराळे.

या गणात आज दोन कुळे हयात आहेत. हिमालयासारख्या थंड प्रदेशात दगडांच्या फटींत राहणारे, आखूड कानांचे पिका हे एक कुळ. सर्व प्रकारचे ससे मिळून दुसरे कुळ. त्याला लेपॉरिडी म्हणतात. लेपॉरिडी कुळातील लेपस या वंशात सुमारे तीस जाती आहेत आणि आपला रानससा त्यांपैकी एक होय.

त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस. लॅटिनमध्ये ‘नायगर’ म्हणजे काळा आणि ‘कॉलम’ म्हणजे मान. फ्रेडरिक क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८२३ साली हे नाव दिले, कारण दक्षिण हिंदुस्थानातील सशाच्या मानेवर, कानांच्या मागे, काळा पट्टा असतो आणि त्याची शेपटीही वरून काळी असते. त्यानंतर तीनच वर्षांनी जॉफ्रॉय या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उत्तरेकडील सशाचे वर्णन केले. त्याची मान काळी नव्हती आणि शेपटी तांबूस होती. साहजिकच त्याला निराळे नाव मिळाले. पुष्कळ वर्षे हे दोन ससे दोन स्वतंत्र जाती मानले जात आणि गोदावरी नदी ही त्यांची सीमा, असे स्थूलमानाने सांगितले जाई.

म्हणजे ही सीमा महाराष्ट्रातूनच जात होती. आता, त्र्यंबकेश्वरापाशी उगम पावणारी गोदावरी आरंभी इतकी लहान असते की, सशाने ती सहज ओलांडावी. नकाशावरची रेघ प्राण्यांना ठाऊक नसते. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, ती खानदेशापासून. तेथे मिळालेल्या सशांवरून रॉटन या अभ्यासकाने १९१२ साली आणखी एक नाव पुढे आणले. सिंधमधील वाळवंटी सशाचे नाव तर त्यापूर्वीच, १८७४ मध्ये, ठरले होते. अशी नावे वाढत गेली. केवळ रंगाच्या भेदावर जात वेगळी मानणे योग्य नव्हे, हे मत पुढे रूढ झाले आणि हे सारे ससे एकाच जातीच्या उपजाती ठरले. आजही बहुतेक ग्रंथ हीच व्यवस्था मानतात.

या एका जातीचा मुलूख फार विस्तृत आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आणि सिंधपासून बांगलादेशापर्यंत माळ, कुरणे, विरळ झाडी, शेते अशा सर्व ठिकाणी रानससा आढळतो. वाळवंटातील सशाचा रंग वाळूसारखा फिका असतो. सुंदरबनाच्या भरती-ओहोटीच्या चिखलात मात्र त्याला बसावयास कोरडी जमीन मिळत नाही, म्हणून तेथे तो नाही. हिमालयाच्या अतिउंच प्रदेशातही तो जात नाही. लडाख आणि तिबेटमध्ये दाट लोकरीचा निराळा ससा राहतो. म्यानमारमध्ये आणखी एक जात आहे. आणि भर समुद्रातील मॉरिशस व रियुनियन या बेटांवर पुन्हा आपलाच रानससा भेटतो! तेथे तो पोहत गेला नाही. जहाजांतून माणसानेच त्याला नेले.

हिमालयाच्या पायथ्याशी, माणसाहून उंच गवतात, राठ केसांचा आणि आखूड कानांचा एक ससा राहतो. पिअरसन याने १८३९ मध्ये त्याची नोंद केली, तेव्हा त्यालाही लेपस वंशातच घातले होते. १८४५ मध्ये ब्लिथ या शास्त्रज्ञाने त्याची वैशिष्ट्ये पाहून त्याच्यासाठी कॅप्रोलॅगस हा वेगळा वंश केला. त्या वंशात आज दुसरी कोणतीही जिवंत जात नाही. हा ससा नाहीसा झाला, तर तीस भावंडांतील एक गेले असे होणार नाही. सबंध घरच बंद होईल. त्याची गवताळ राने नांगराखाली गेली, उरलेली दरवर्षी पेटविली जातात. आसामातील मानस आणि नेपाळातील शुक्लाफांटा यांसारख्या थोड्या ठिकाणीच तो तग धरून आहे. नेपाळातील चितवनातून तो गेला असेच सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु २०१६ च्या जानेवारीत, तीन दशकांहून अधिक काळानंतर, तेथील गवतात तो पुन्हा दिसला.