लिटर आणि किलो

समजा, कट्ट्यातल्या एका घरी रोज 10 लिटर दूध मिळते. ते काट्यावर ठेवले. भांड्याचे वजन वजा केले. काटा किती दाखवील? 10 किलो? नाही. सुमारे 10 किलो 300 ग्रॅम!

1 लिटर पाणी 1 किलो भरते. दुधात पाणी असतेच, शिवाय साखर, क्षार वगैरेही असतात. म्हणून 1 लिटर दूध सुमारे 1030 ग्रॅम भरते. (साय मात्र दुधाहून हलकी. म्हणून तर ती वर येते.)

पूर्वी शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. 1958 पासून किलो आला, तरी तो घोटाळा काही गेला नाही.

खिरीला 1 किलो दूध सांगितले, तर आम्ही लिटरचे माप दोन मोठे चमचे कमी भरतो. न भरले तरी खीर काही बिघडत नाही. फेस तेवढा बसू द्या. फेसाने माप भरते, पातेले नाही.

विक्रीचे तसे नाही. भाव किलोचा, आणि वहीत 10 लिटरचे 10 किलो लिहिले, तर रोज 300 ग्रॅम बुडाले. 30 दिवसांत 9 किलो! उलट झाले, तर घेणारा बुडतो. म्हणून आकड्यापुढे 'लि.' आहे की 'कि.', ते आधी वाचा. लिटर असतील, तर दर लिटरमागे 30 ग्रॅम मिळवा. झाले किलो.